निळं फ्रेंच वर्क जॅकेट: रस्त्यावर फोटो काढणाऱ्याच्या नजरेतून

पुरुषांच्या कपड्यांचे रिव्ह्यू वाचले तर बहुतेक सगळे हँगरवर लटकवलेल्या कपड्याबद्दल असतात, कापड चांगलं, शिलाई चांगली, घेऊन टाका. मी रस्त्यावरून चालणाऱ्या माणसांचे फोटो काढतो त्यामुळे मला कपडा कळतो तो माणूस चालायला लागल्यावर, वाकून लेस बांधताना पाठीत काय होतं, फोन कानाला लावला की बाही किती वर सरकते, खिशात हात घातला की पुढचा भाग फुगतो का, हे सगळं बघून. आणि या परीक्षेत दरवेळी पास होणारी एक गोष्ट म्हणजे निळं फ्रेंच वर्क जॅकेट. चोअर कोट या नावानेही मिळतं. ब्रँडचं नाव मुद्दाम देत नाहीये कारण हे डिझाइन एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापासून चालत आलंय, कुणा एका कंपनीचं नाही, आणि घेताना बघायच्या गोष्टी सगळीकडे त्याच आहेत.

मुळात हे फ्रान्समधल्या कामगारांचं जॅकेट, तिकडे ब्ल्यू द त्राव्हाय म्हणतात. अस्तर नाही, खांद्यात पॅड नाही, पुढे साधी बटणं, छोटी कॉलर, बाहेरून शिवलेले तीन पॅच पॉकेट आणि आत बहुतेक वेळा एक. बस एवढंच. पण आमच्या लाइनमध्ये या जॅकेटला मान मिळाला तो बिल कनिंगहॅममुळे. न्यूयॉर्क टाइम्ससाठी त्यांनी कित्येक दशकं रस्त्यावरच्या लोकांचे फोटो काढले, सायकलवरून फिरायचे, फिफ्थ अव्हेन्यू आणि ५७व्या स्ट्रीटच्या कोपऱ्यावर उभे राहायचे, २०१६ मध्ये ८७व्या वर्षी गेले. जगभरचे भारीतले भारी कपडे टिपणारा हा माणूस आणि अंगात कायम हेच निळं जॅकेट. लोक त्याला साधेपणा म्हणतात, तो होताच, पण मला त्यात कामाची जाण जास्त दिसते. दोन्ही हात कॅमेऱ्याला लागतात, सामान खिशात ठेवावं लागतं, हात झटकन वर जायला हवा, आणि गर्दीत आपल्याकडे कुणाचं लक्ष जाता कामा नये. या चारही गोष्टी हे जॅकेट करतं.

माझं स्वतःचं जॅकेट आता बऱ्यापैकी जुनं झालंय आणि ते जवळून बघितलं तर मी काय काम करतो ते कळतं. उजव्या खांद्यावर कॅमेऱ्याचा पट्टा घासून घासून एक तिरकी फिकट पट्टी उमटलीय. डाव्या खालच्या खिशात जादा बॅटरी आणि छोटी लेन्स असते म्हणून त्या खिशाच्या कडा पांढरट झाल्यात आणि तोंड जरासं लोंबतंय, उजवा खिसा मात्र अजून सरळ आहे. कोपराच्या आतल्या बाजूला बाही जिथे दुमडते तिथे बारीक बारीक सुरकुत्यांचं जाळं पक्कं बसलंय, धुऊन इस्त्री केली तरी जात नाही. मला हे प्रचंड आवडतं. पुरुषांच्या कपड्यात फोटोला खाद्य देणारी गोष्ट हीच असते, कापडावर त्या माणसाच्या सवयी दिसायला लागतात.

म्हणूनच आधीपासून विटवलेलं घेऊ नका. असं एक माझ्याकडे होतं, दुकानाचं नाव सांगत नाही, दोन्ही कोपरांवर अगदी सारखा रंग उडवलेला, दोन्ही खिशांवर सारखा घासलेला. खऱ्या वापरात डावं उजवं कधीच सारखं विटत नाही! लांबून चालून जातं पण लेन्समधून बघितलं की लगेच कळतं. वर त्याचं कापड त्या प्रोसेसमध्येच कमजोर झालेलं, खिशाचा कोपरा लवकरच उसवला.

कापडात मुख्य दोन प्रकार मिळतात, कॉटन ड्रिल आणि मोलस्किन. मोलस्किन म्हणजे कातडं वगैरे काही नाही, तेही कॉटनच, फक्त घट्ट विणलेलं आणि एका बाजूने मऊ केलेलं. अंगावर जड पडतं, वारा अडवतं, आणि रंग असा खोल दिसतो की ढगाळ उजेडात फोटो काढायला मजा येते. ड्रिल जरा खरखरीत, तिरक्या विणीचं, शिवणींवर आणि कडांवर लवकर फिकं पडतं आणि म्हणून लवकर आपलंसं वाटायला लागतं. पहिलंच घेत असाल तर माझं मत ड्रिलला, थंडीतच वापरणार असाल तर मोलस्किन. आणि रंग मधला निळा घ्या, अगदी काळपट नेव्ही नको, कारण त्यात खिसे, टिपा, सुरकुत्या सगळं बुडून जातं, फोटोतच नाही, समोरून बघणाऱ्या माणसालाही.

आता मापाचं, ज्यात सगळ्यात जास्त लोक फसतात. ट्रायल रूममध्ये नुसतं ताठ उभं राहून बघू नका, सायकलचं हँडल धरल्यासारखे दोन्ही हात पुढे करा, पाठीत ताणलं तर एक साइज वरचं घ्या. खांद्याची शिवण हाडाच्या जराशी खाली उतरली तरी काही बिघडत नाही, सूटच्या जॅकेटला जे चालत नाही ते इथे चालतं कारण आत पॅड नसल्यामुळे कापड स्वतःच खांद्यावरून ओघळतं. पण बाही मात्र मनगटाच्या हाडापाशी थांबली पाहिजे, तळव्यावर आली की चांगला उंच माणूसही मोठ्या भावाचे कपडे घातल्यासारखा दिसतो. बाही लांब असेल तर एक घडी दुमडा, आतलं न विटलेलं गडद कापड दिसतं ते छानच दिसतं. लांबी कमरेखाली, पुढच्या खिशांत हात घातला की कोपर आरामात वाकेल इतपत. आणि खाली अगदी पायाला चिकटलेली पॅन्ट नको, जॅकेट चौकोनी असतं, खाली जरा सरळ किंवा सैल पॅन्टच लागते.

मी काढलेल्या फोटोंपैकी या जॅकेटचा सगळ्यात लाडका फोटो एका वयस्कर माणसाचा आहे. आत फिकट शर्ट, विणलेला लोकरीचा टाय, खाली राखाडी फ्लॅनेलची पॅन्ट, पॉलिश केलेले तपकिरी बूट, म्हणजे सगळी तयारी ब्लेझरची आणि ब्लेझरच्या जागी हे कामगारी जॅकेट, कॉलरची एक बाजू वर राहिलेली आणि वरच्या खिशाच्या तळाशी पेनच्या शाईचा डाग. जॅकेटमुळे टायचा कडकपणा गेला आणि टायमुळे जॅकेट गबाळं वाटलं नाही. हे कॉम्बिनेशन मी नंतर कित्येकांना सुचवलंय. टीशर्टवर तर हे जॅकेट कुणालाही जमतं, खरी ताकद दिसते ती नीटनेटक्या कपड्यांवर घातल्यावर.

इटलीत फ्लॉरेन्सला पिट्टी उओमो भरतं, १९७२ पासूनचं पुरुषांच्या फॅशनचं मोठं प्रदर्शन, वर्षातून दोनदा, तिथले फोटो बघितले तरी हे पटेल. कॅमेऱ्यासाठीच सजून आलेले इतके लोक असतात, टोपी, वेस्टकोट, रुमाल, सगळं एकाच वेळी अंगावर, आणि त्या गर्दीत कुणी विटक्या निळ्या जॅकेटमध्ये निवांत उभा असेल तर माझी नजर आधी त्याच्यावर जाते, कारण तो कपड्यांना सांभाळत बसलेला नसतो.

तोटेही आहेत. अस्तर नसल्यामुळे लोकरीच्या स्वेटरवरून बाही सरकत नाही, आत अडकते. पाऊस अजिबात झेलत नाही, भिजलं की जड होतं आणि वाळायला वेळ लावतं. नवीन असताना रंग सुटतो, पहिले काही दिवस पांढऱ्या शर्टवर किंवा फिकट बॅगेबरोबर नकोच, आणि धुताना उलटं करून, गार पाण्यात, वेगळं धुवा. प्रीश्रंक, म्हणजे कापड आधीच आटवून घेतलेलं, नसेल तर आटणार हे धरूनच साइज ठरवा. ऑफिसला रोज सूट लागत असेल तर हे तुमच्या फार उपयोगाचं नाही. बाकी सगळ्यांना मी बिनधास्त घ्या म्हणेन, फक्त घेण्याआधी खिशाचे वरचे दोन्ही कोपरे बोटाने चाचपून बघा, तिथे जाड आडवी टीप मारलेली असली पाहिजे. ती नसेल तर बाकी जॅकेट कितीही देखणं असलं तरी ठेवून द्या.