रिस्पेरिडोन: आवाज गेले, पण पाळीही गेली

रिस्पेरिडोन ही भास आणि संशयाच्या आजारावरची गोळी. आधी तिच्या बाजूने बोलते. कानात येणारे आवाज हळूहळू विरले, रात्री सारखं उठून दाराची कडी बघणं सुटलं, सासूबाईंनी केलेला चहा मी बिनघोर प्यायला लागले. ज्यांनी संशय भोगलाय त्यांना या चहाचं मोल कळेल. त्यामुळे गोळीला शिव्या घालणार नाही.

पण पुढे पाळी लांबली. जाऊबाई गालातल्या गालात हसायला लागल्या. टेस्ट निगेटिव्ह. मग एकदा भाकरी थापताना ब्लाउज ओला लागला, बघते तर दूध! पोरगा शाळेत जाणारा, आता दूध कुठलं? शेजारीण म्हणाली, बाहेरचं असेल, बघून घे. गोळी लिहून देणाऱ्या डॉक्टरांनी पाळीचं एकदाही विचारलं नव्हतं, आणि पुरुष डॉक्टरसमोर आपण होऊन हे काढायचं म्हणजे जीभ अडतेच.

शेवटी लातूरला दुसऱ्या डॉक्टरीणबाईंना दाखवलं. त्यांनी प्रोलॅक्टिन, म्हणजे अंगावर दूध आणणारं संप्रेरक, रक्तात तपासायला लावलं. गरोदर नसलेल्या बाईचं साधारण मिलिलिटरला 25 नॅनोग्रॅमच्या आत असतं, माझं शंभरच्या वर. मेंदूच्या बुडाशी पिट्युटरी नावाची वाटाण्याएवढी ग्रंथी असते, ती प्रोलॅक्टिन सोडते आणि डोपामाइन नावाचं मेंदूतलं रसायन तिला आवरून धरतं. गोळी डोपामाइनचं काम अडवते. त्यानंच आवाज कमी होतात, अन् त्यानंच प्रोलॅक्टिन मोकाट सुटतं. मग बीजकोशांना मिळणारा इशारा दबतो, पाळी थांबते. वर्षानुवर्षं तसंच राहिलं तर हाडं ठिसूळ होतात. पुरुषांचीही इच्छा कमी होते, कुणाची छाती वाढते. ते तर कुणापाशीच बोलत नाहीत. याच आजारावरच्या अमिसल्प्राइड, हॅलोपेरिडॉल या गोळ्यांचंही असंच. क्वेटियापिन, क्लोझापिनने हा त्रास फार कमी, पण वजन-साखरेकडे बघावं लागतं.

बाईंनी गोळी एकदम तोडली नाही. अ‍ॅरिपिप्राझोल सुरू करून रिस्पेरिडोन हळूहळू उतरवली. ही नवी गोळी डोपामाइन पुरतं अडवत नाही, थोडं चालूही ठेवते. सुरुवातीला पाय एका जागी ठरेनात, टीव्हीसमोरसुद्धा येरझाऱ्या. डोस कमी केल्यावर बसले. दूध आटलं, पाळी आली. पाळी आली की दिवसही राहू शकतात, हे बाईंनी नवऱ्याला समोर बसवून सांगितलं.

रिस्पेरिडोनला पाचपैकी साडेतीन. आणि मेडिकलवाल्याकडून पित्ताची गोळी घेत असाल तर पाकिटावर डोमपेरिडोन आहे का बघा, त्यानंही प्रोलॅक्टिन वाढतं. माझ्या डब्यात ती होतीच.