‘रूम धरून ठेवतो’ म्हणणाऱ्याला पैसे पाठवण्याआधी

रत्नागिरी-सिंधुदुर्गातून अमेरिकेला जाणाऱ्यांत काही मुलं पदवीच्या मधल्या वर्षात जातात. इथे दोन वर्षं झालेली, झालेल्या अभ्यासाचे क्रेडिट तिकडे धरून घेतलेले, थेट तिसऱ्या वर्षाला ट्रान्स्फर. प्रवेश होतो, आय-२० (व्हिसासाठी विद्यापीठ देतं तो प्रवेशाचा दाखला) येतो आणि राहायच्या जागेपाशी गाडी अडते. डॉर्मच्या, म्हणजे विद्यापीठाच्या वसतिगृहाच्या, खोल्या वाटताना पहिला मान पहिल्या वर्षाच्या मुलांचा असतो. कित्येक विद्यापीठांत त्यांना कॅम्पसवर राहण्याची सक्तीच असते. ट्रान्स्फरवाल्याचा नंबर त्यांच्यानंतर, आणि पुष्कळदा नुसत्या वेटिंग लिस्टवर. मे-जूनमध्ये घरात ‘जागेचं काय झालं?’ हा एकच विषय असतो. नसलेल्या खोलीचे पैसे उकळणाऱ्या ठगाला हेच दिवस हवे असतात, कारण आंब्याचे पैसेही तेव्हाच हातात आलेले असतात.

सुरुवात नव्या विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सअॅप किंवा फेसबुक ग्रुपवर होते. मुलगा लिहितो, ‘मी चिपळूणचा, ऑगस्टला येतोय, ट्रान्स्फर आहे, रूम शोधतोय.’ गाव, महिना, अडचण, सगळं एका ओळीत देऊन मोकळा. थोड्या वेळात खासगी मेसेज येतो. समोरचा म्हणे मूळचा सावंतवाडीचा, तिथे मास्टर्स करतोय, त्याच्या डॉर्मची खोली रिकामी होतेय. मध्येच मालवणीत, ‘काय एक काळजी करू नको, मी आसंय मां.’ आईवडिलांचा निम्मा संशय तिथेच मावळतो. दोन मेसेज मालवणीत लिहून आणणं अवघड नाही, हे त्या क्षणी कोणाच्या डोक्यात येत नाही.

मग पीडीएफ येते. ती नीट पाहिली तर खोट तिथेच दिसते. वर विद्यापीठाचा लोगो असतो आणि हॉलचं नावही खरं असतं, कारण दोन्ही वेबसाइटवरून उचललेलं. पण भाडं महिन्याचं लिहिलेलं. विद्यापीठाच्या डॉर्मचे पैसे बहुतेक ठिकाणी सेमिस्टरचे किंवा वर्षाचे लागतात आणि फीसोबत विद्यार्थ्याच्या खात्यावर चढतात. डिपॉझिट दोन महिन्यांचं मागितलेलं. विद्यापीठ साधारणपणे अर्जाची फी किंवा आगाऊ म्हणून ठरावीक रक्कम घेतं, तीही आपल्या ऑनलाइन पोर्टलवरच. करारावर सही करणारा कोणी एक ‘ओनर’. डॉर्मला असा ओनर नसतो. करार विद्यापीठ आणि विद्यार्थी यांच्यात होतो आणि तो पोर्टलवर लॉगिन करून, विद्यार्थी क्रमांकासह ऑनलाइन सही करायचा असतो.

सगळ्यात मोठी गोष्ट अशी की डॉर्मची खोली विद्यार्थ्याला परस्पर दुसऱ्याला देताच येत नाही. जवळपास सगळ्या विद्यापीठांच्या करारात तशी मनाई असते. खोली सोडायची तर हाउसिंग ऑफिसला कळवायचं, पुढे ती कोणाला द्यायची ते ऑफिस ठरवतं. म्हणजे ‘माझी डॉर्मची रूम तुला देतो’ हे वाक्य ऐकलं की पुढचं काही तपासायचीही गरज उरत नाही.

आता पैसे. सरळ रस्ता बँकेचा. ए-२ फॉर्म (परदेशी पैसे पाठवण्याचा अर्ज), पॅन, प्रवेशपत्र, आय-२०, मागणीचं बिल आणि पैसे कशासाठी चाललेत ते सांगणारा पर्पज कोड एस०३०५, ज्यात फी आणि हॉस्टेलचा खर्च दोन्ही बसतात. गावातल्या लहान शाखेत परकीय चलनाचं काम सहसा होत नाही, कागद मोठ्या शाखेकडे जातात. त्यात पाऊस सुरू झालेला, लाइट गेलेली, रेंज नाही. ठगाला हे सगळं ठाऊक असतं. तो म्हणतो, ‘बँकेत चार दिवस जातील, तोवर रूम जाईल. माझ्या मावसभावाचं खातं पुण्यात आहे, यूपीआय करा.’ अमेरिकेतल्या खोलीचं भाडं भारतातल्या खासगी माणसाच्या खात्यावर! बँकेची कटकट सगळ्यांनाच नकोशी वाटते, पण राखण तीच करते. तिथे बिल मागतात, पैसे कोणाच्या नावावर चाललेत ते विचारतात, आणि ह्या दोन प्रश्नांना ठगाकडे उत्तर नसतं.

पडताळणीला जेमतेम अर्धा तास लागतो. विद्यापीठाची वेबसाइट स्वतः टाइप करून उघडा, समोरच्याने पाठवलेल्या लिंकवरून नको. पत्त्याचा शेवट डॉट ईडीयू असाच हवा. मध्ये कुठेतरी ईडीयू आणि शेवटी डॉट कॉम असेल तर तो पत्ता विद्यापीठाचा नाही. तिथे दिलेल्या ईमेलवर हाउसिंग ऑफिसला तीन प्रश्न विचारा: ट्रान्स्फर विद्यार्थ्यांना डॉर्मची हमी आहे का, माझा वेटिंग लिस्टवर नंबर कितवा, आणि व्हिसा नाकारला तर भरलेले पैसे परत कसे मिळतात. आय-२० वर राहण्याच्या खर्चाचा अंदाज छापलेला असतो. कोणी त्याच्या निम्म्यात खोली देत असेल तर स्वस्त मिळाली म्हणून खूश होऊ नका.

तारखाही पाहा. भारतातून पहिल्यांदा एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसावर जाणाऱ्याला आय-२० वरच्या सुरुवातीच्या तारखेआधी ३० दिवसांहून लवकर अमेरिकेत शिरता येत नाही. वर्ग ऑगस्टअखेर सुरू होणार आणि भाडं जूनपासून मागतायत, तर समोरचा ठग नसला तरी तो सौदा नको.

खरी डॉर्म मिळाली तर निवडताना दोन गोष्टींत मुलं चुकतात. जुन्या पद्धतीच्या हॉलमध्ये खोलीत दोघं, बाथरूम मजल्याला सामाईक आणि मील प्लॅन (मेसच्या जेवणाचे आगाऊ पैसे) बहुधा सक्तीचा. राइस कुकरलाही पुष्कळ ठिकाणी बंदी. भात-आमटीशिवाय चालत नसेल तर स्वयंपाकघर असलेला अपार्टमेंट पद्धतीचा हॉल आधी मागा. दुसरं, डिसेंबर-जानेवारीच्या सुट्टीत काही हॉल चक्क बंद होतात. सुट्टीत उघडा राहणारा हॉल कोणता, हे अर्ज भरतानाच विचारावं.

डॉर्म नाहीच मिळाली तर बाहेर अपार्टमेंट. तिथे करार बहुधा १२ महिन्यांचा असतो, आणि आधीचा भाडेकरू स्वतःच्या जागी तुम्हाला घेत असेल तर इमारतीच्या ऑफिसची लेखी संमती लागते. ती मागा. व्हिडिओ कॉलवर खोली दाखवायला सांगा, नळ सोडायला लावा, खिडकीतून रस्त्याची पाटी दाखवायला सांगा. आधी रेकॉर्ड केलेल्या व्हिडिओत हे जमत नाही. फोटो गूगल लेन्सवर टाकले की दुसऱ्याच शहरातल्या जाहिरातीतले निघतात, असंही होतं. आणि पहिले काही दिवस हॉटेलात काढून खोली डोळ्यांनी बघून घेणं महाग वाटलं तरी बुडीत डिपॉझिटपेक्षा स्वस्त पडतं.

पैसे गेलेच तर त्याच तासात १९३० ह्या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन आणि राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार. यूपीआयचा १२ अंकी व्यवहार क्रमांक, समोरच्याचा यूपीआय आयडी आणि चॅटचे स्क्रीनशॉट हाताशी ठेवा. चॅट रागाने डिलीट करू नका आणि समोरच्याला ‘पोलिसांत जातोय’ असं सांगूही नका. रक्कम भारतातल्या खात्यातच पडून असेल तर ती गोठवता येण्याची आशा असते. तिथून पुढे फिरली की कठीण. पैसे बँकेतून स्विफ्टने थेट परदेशी गेले असतील तर बँकेला रिकॉलचा, म्हणजे ते परत मागवण्याचा, लेखी अर्ज द्या. विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयालाही कळवा, म्हणजे त्यांना बाकीच्या मुलांना सावध करता येतं.

ह्यानंतर काही दिवसांनी ‘तुमचे बुडालेले पैसे काढून देतो, आधी फी भरा’ असा फोन येऊ शकतो. तो बऱ्याचदा त्याच टोळीतला असतो. तुमचा नंबर त्यांच्याकडे आहेच. एक रुपया न देता तो नंबरही त्याच तक्रारीत जोडा.