बंदिवासानंतरची आश्वासनं: यिर्मया, यहेज्केल की यशया, आधी कोण वाचावा?

अभ्यासगटात किंवा घरी एकट्यानं बायबलातला ‘बंदिवासानंतरची पुनःस्थापना’, म्हणजे बाबेलात धरून नेलेल्या यहूद्यांची मायदेशी परती, हा विषय घ्यायचा ठरला, की कुठल्या संदेष्ट्यापासून सुरुवात करायची हाच पहिला प्रश्न असतो. यिर्मयाचे ५२, यहेज्केलचे ४८ आणि यशयाचे ६६ अध्याय सलग वाचून काढणारे फार थोडे. तशी गरजही नाही. यिर्मया २९ ते ३३, यहेज्केल ३३ ते ३७ आणि ४० ते ४८, यशया ४० ते ५५ एवढा मजकूर पुरे आहे. मात्र तिघं एकच गोष्ट सांगतात असं धरून हाताला येईल तो उचलू नका. ‘परत आणीन’ हे तिघांत सारखं आहे. कुणाला, कधी, कुणाच्या हातून आणि कशासाठी, याची उत्तरं वेगळी आहेत.

पार्श्वभूमी थोडक्यात. इ.स.पू. ५९७ मध्ये बाबेलच्या (बॅबिलोनच्या) नबुखद्नेस्सरानं यहूदाचा राजा यहोयाखीन याच्यासह दरबारी आणि कारागीर धरून नेले. ५८६ मध्ये यरुशलेम आणि मंदिर जाळलं. ५३९ मध्ये पारसाच्या (इराणच्या) कोरेशानं, म्हणजे सायरसानं, बाबेल घेतलं आणि परतीची वाट मोकळी झाली. यिर्मया यरुशलेमातच राहिला. यहेज्केल पहिल्या तांड्याबरोबर बाबेलात गेला आणि खबार नदीकाठच्या वस्तीत राहिला. यशयाचे ४० ते ५५ हे अध्याय बंदिवासाच्या अखेरीस, दुसऱ्या कुणी रचले असं बहुतेक अभ्यासक मानतात, तर परंपरा सगळा ग्रंथ एकाच यशयाचा मानते. गटात यावर वाद होणार असेल तर पहिल्याच बैठकीत उरकून घ्या. या अध्यायांतलं बोलणं बाबेलातल्या बंदिवानांना उद्देशून आहे, हे दोन्ही बाजूंना मान्य असतं आणि वाचनाला तेवढं पुरतं.

आता यिर्मया. त्याचं आश्वासन तिघांत सगळ्यांत उशिरा पुरं होणारं. हनन्या नावाचा दुसरा एक संदेष्टा भर मंदिरात सांगत होता, की दोन वर्षांत सगळं परत येईल, राजा येईल, मंदिरातली भांडीसुद्धा येतील. लोकांना हेच ऐकायचं होतं. यिर्मयानं बंदिवानांना पत्र पाठवलं ते नेमकं उलटं: घरं बांधा, बागा लावा, मुलांची लग्नं करा, ज्या शहरात नेलंय त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा, सत्तर वर्षांनी तुमची खबर घेईन. म्हणजे पत्र ऐकणाऱ्या बहुतेक प्रौढांना परतीचा दिवस दिसणार नव्हता. भिंतीवरच्या कॅलेंडरांत याच पत्रातलं ‘भविष्य आणि आशा’वालं वचन छापतात, त्याच्या आदल्या वचनातली सत्तर वर्षं मात्र छापत नाहीत.

पण यिर्मया निवडावा तो ३२ व्या अध्यायासाठी. शहराला वेढा पडलाय, संदेष्टा राजवाड्याच्या पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत आहे, आणि चुलतभाऊ हनामेल येऊन म्हणतो, अनाथोथातलं माझं शेत विकत घे, सोडवण्याचा हक्क तुझा आहे. सगळा मुलूख शत्रूच्या हाती जाणार हे यिर्मया स्वतःच वर्षानुवर्षं सांगत आलेला. तरी तो सतरा शेकेल चांदी तराजूत तोलून देतो, खरेदीखत करतो, साक्षीदारांच्या सह्या घेतो. खताच्या दोन प्रती, एक मोहरबंद आणि एक उघडी. दोन्ही आपला लेखनिक बारूख याच्या हाती देऊन सांगतो, मातीच्या भांड्यात ठेव, पुष्कळ दिवस टिकली पाहिजेत. या देशात पुन्हा घरं, शेतं, द्राक्षमळे विकत घेतले जातील, हे आश्वासन त्यानंतर येतं. आधी पैसे मोजले, मग देवाचं नाव घेतलं. पुनःस्थापनेवरचा याहून ठोस मजकूर मला तिन्ही ग्रंथांत दुसरा दिसत नाही.

यहेज्केलकडे गेलात की हवाच बदलते. त्याचा देव लोकांना परत आणणार, पण ३६ व्या अध्यायात साफ सांगतो: हे मी तुमच्यासाठी करत नाही, राष्ट्रांत तुम्ही माझं पवित्र नाव बाटवलंत, त्या नावासाठी करतो. सांत्वन शोधत आलेल्याला हे बोचतं. पुढच्याच वचनांत दगडाचं हृदय काढून मांसाचं देण्याची गोष्ट आहे. यिर्मयाही ३१ व्या अध्यायात नियमशास्त्र हृदयावर लिहिण्याबद्दल बोलतो, पण तिथे जुनं हृदय काढून टाकलेलं नाही. यहेज्केलला माणसाकडून सुधारण्याची आशाच उरलेली दिसत नाही. ३७ व्या अध्यायातला सुक्या हाडांच्या खोऱ्याचा दृष्टान्त त्यातूनच येतो. ‘आमची हाडं सुकली, आमची आशा गेली’ हे तेव्हाच्या लोकांचंच बोलणं होतं. संदेष्ट्यानं ते शब्दशः धरून हा दृष्टान्त रचला.

४० ते ४८ या अध्यायांत बरेचजण वाट सोडतात. नव्या मंदिराच्या दारांची, ओसऱ्यांची, वेदीची मापं संपता संपत नाहीत. शिवाय इथले यज्ञाचे नियम मोशेच्या नियमशास्त्राशी जुळत नाहीत. तालमुदात, म्हणजे यहूदी गुरूंच्या चर्चांच्या जुन्या संग्रहात, आख्यायिका आहे, की हनन्या बेन हिज्कीया नावाच्या गुरूनं तीनशे पिंपं दिव्याचं तेल जाळत माडीवर बसून हा मेळ घातला, नाहीतर ग्रंथ बाजूलाच ठेवला गेला असता. गटात तेवढं तेल कुणी जाळणार नाही, तेव्हा मापं सरळ ओलांडा, पण दोन जागा चुकवू नका. एक, ४६ व्या अध्यायातला अधिपती: त्याला लोकांची वतनं बळकावता येणार नाहीत. दुसरी, ४७ व्या अध्यायातली नदी: मंदिराच्या उंबऱ्याखालून निघते, हजार हातांवर घोट्यापर्यंत, मग गुडघ्यापर्यंत, मग कमरेपर्यंत, मग पोहावं लागेल एवढी. ती मृत समुद्राचं पाणी गोडं करते आणि एन-गेदीच्या काठी कोळी जाळी पसरतात. दलदली मात्र खाऱ्याच राहतात, कारण मीठही लागणारच! एवढ्या भव्य दृष्टान्तातही मिठाचा विचार सुटलेला नाही. त्याच अध्यायात तुमच्यात राहणाऱ्या परदेशीयांनाही जमिनीत वाटा आहे.

यशयाचा सूर तिघांत सर्वांत गोड. ‘सांत्वन करा’ इथूनच सुरुवात. तिशा बेआबच्या, म्हणजे मंदिराच्या विध्वंसाच्या उपासानंतरच्या शब्बाथला जगभरच्या सभास्थानांत हाच ४० वा अध्याय वाचतात, आपल्या कोकणातल्या बेने इस्राएलांच्या, म्हणजे मराठी यहूद्यांच्याही. त्यांच्यात हा उपास वालाच्या बिरड्यावर सोडायची रीत होती, म्हणून तो ‘बिरड्याचा रोजा’.

पण गोडव्यानं गाफील राहू नका. हे अध्याय न हललेल्या लोकांना हलवायला लिहिलेत. बाबेलच्या मुलखातल्या अल-याहुदू नावाच्या वसाहतीच्या मातीच्या पाट्या उजेडात आल्या आहेत. त्यांत इ.स.पू. ५७२ पासून पुढची जवळपास शंभर वर्षं यहूदी माणसं कर्जं, भाडेपट्टे आणि कराचे व्यवहार करताना दिसतात. यिर्मयाचं ‘घरं बांधा’ त्यांनी चांगलंच मनावर घेतलेलं. अशांना उठवायचं तर वाळवंटात महामार्ग, ओसाडीत नद्या, टाळ्या वाजवणारी झाडं असं मोठं काही लागणारच.

तिघांतला सर्वांत मोठा फरक राजाबद्दल आहे. यिर्मया दाविदाच्या वंशातला नीतिमान अंकुर सांगतो, यहेज्केल अधिकार छाटलेला अधिपती. यशया ४५ मध्ये ‘अभिषिक्त’ म्हटलंय ते थेट कोरेशाला, यहोवाला न ओळखणाऱ्या परक्या सम्राटाला! दाविदाशी केलेला करार ५५ व्या अध्यायात साऱ्या लोकांच्या पदरात पडतो. कोरेशाचं नाव ऐकून लोक कुरकुरले असावेत, कारण ४५ व्या अध्यायातच लगेच पुढे कुंभाराशी हुज्जत घालणाऱ्या मातीला दटावलंय. बाबेलात १८७९ मध्ये सापडलेल्या कोरेशाच्या मातीच्या लेखात त्याला निवडणारा देव मार्दुक आहे, यरुशलेमाचा उल्लेखही नाही. दोन्ही मजकूर एकाच बैठकीत वाचा, चर्चा रंगते.

यशयाची उणीव अशी, की पोचल्यावर काय करायचं हे त्यात जवळजवळ नाही. जमीन कशी वाटायची, मंदिर कोण बांधणार, मागे राहिलेल्यांचं काय? या शेवटच्या प्रश्नात यिर्मया आणि यहेज्केल दोघंही कठोर आहेत. यिर्मयाच्या २४ व्या अध्यायात बंदिवान चांगली अंजिरं आणि मागे राहिलेले नासकी. देश आम्हाला मिळाला म्हणणाऱ्या ओसाड गावांतल्या लोकांना यहेज्केल ३३ व्या अध्यायात झिडकारतो. ही बाजू प्रवचनांत सहसा येत नाही, गटात मात्र यायला हवी.

तेव्हा निवड अशी. तुमच्यात कुणी लांबलेल्या परिस्थितीत अडकलेलं असेल, आजार, कज्जा, परमुलखातली नोकरी, तर यिर्मया. आपल्याच लोकांच्या वागण्याला विटलेल्यांनी यहेज्केल घ्यावा. बूड हलवायची वेळ आली असून हलवत नसाल तर यशया. काहीच ठरत नसेल तर माझं मत यिर्मयाला, कारण त्याच्याशिवाय यशयाचा उत्साह कशाविरुद्ध उभा आहे हेच कळत नाही.

कुठलाही घ्या, शेवटची बैठक परतीनंतरचा संदेष्टा हाग्गय याच्यासाठी राखा. दोनच अध्याय आहेत, इ.स.पू. ५२० चे. एज्राच्या नोंदीप्रमाणे ४२,३६० लोक परतले होते, पण नद्या फुटल्या नव्हत्या, पीक बेताचं होतं आणि मजुरी भोक पडलेल्या थैलीत पडत होती. मंदिराचं बांधकाम अर्धवट राहिलेलं, आणि जुनं मंदिर पाहिलेल्या म्हाताऱ्यांना हाग्गय विचारतो, हे तुम्हाला काहीच नाही असं वाटतंय ना? त्याचं उत्तर वाचण्याआधी गटातल्या प्रत्येकाला स्वतःचं उत्तर द्यायला लावा.