बॅडलँड्स नॅशनल पार्क: एक मुक्काम ठेवूनच जावे

अमेरिकेच्या साउथ डकोटा राज्यातील या उद्यानाला रॅपिड सिटीहून गाडीने साधारण सव्वा तासात पोहोचता येते. आय-90 महामार्ग वॉल गावाशी सोडून दक्षिणेला वळल्यावर काही मैल नुसता गवताळ माळ लागतो आणि मग पुढची जमीन एकाएकी खचून खाली सुळके, घळी आणि रंगीत पट्ट्यांच्या टेकड्या दिसू लागतात. आम्ही गाडीमागे 30 डॉलर शुल्क भरले. पावती सात दिवस चालते.

उद्यानातून जाणारा लूप रोड गाडीने न थांबता तासाभरात संपतो. तसा तो संपवू नये, एवढेच मला कळकळीने सांगायचे आहे, कारण हा प्रदेश काचेतून पाहण्याजोगा नाही. येथे आखीव वाटा सोडून टेकड्यांमध्ये फिरण्याची मुभा आहे, ही माझ्या मते उद्यानाची सर्वांत मोठी देणगी होय. जवळ जाऊन पाहिले तेव्हा दुरून खडक वाटणारा उतार लाह्यांसारख्या फुगलेल्या, भेगाळलेल्या मातीचा निघाला आणि बोटाने दाबताच त्याचा भुगा झाला. सुमारे पाच लाख वर्षांपूर्वी येथे पाण्याने जमीन कापायला सुरुवात केली आणि आजही हे सुळके वर्षाला अंदाजे एक इंच झिजतात, हे त्या भुग्याकडे पाहून सहज पटते. यलो माउंड्सच्या पिवळ्या टेकड्या तर पुरातन समुद्राचा तळ आहेत. समुद्र हटल्यावर तेथील काळा गाळ उघडा पडला आणि त्याची ही पिवळी माती झाली.

नॉच ट्रेल जाऊन-येऊन दीड मैलाचा आहे. मधली ओंडक्यांची शिडी चढताना छातीत धडधडते, पण टोकाला व्हाइट नदीचे खोरे उघडते. पावसानंतर मात्र या वाटेला जाऊ नये, माती फार निसरडी होते. बेन राइफेल या पर्यटक माहिती केंद्रातील जीवाश्म आवर्जून पाहावेत. 2010 मध्ये याच केंद्राजवळ एका सात वर्षांच्या मुलीला खड्गदंती मार्जाराची कवटी सापडली होती. असे काही दिसल्यास हात न लावता रेंजरना कळवायचे असते.

गैरसोयी आहेत. वाटांवर सावली जवळजवळ नाही आणि पाणी सोबतच न्यावे लागते. भाड्याच्या गाडीत जादा चाकच दिलेले नाही, हे सेज क्रीक रिम रोडच्या खडीवर उतरण्यापूर्वी लक्षात आल्याने आम्ही तो रस्ता थोडाच केला. तरी प्रेअरी डॉग या बिळांत राहणाऱ्या खारीच्या जातीच्या प्राण्यांची वसाहत आणि दूरवर चरणारे बायसन (अमेरिकी गवे) पाहायला मिळाले. बायसनपासून किमान 100 यार्ड दूर राहावे.

दुपारच्या उन्हात सगळे रंग फिके पडतात. उद्यानातच सीडर पासजवळ मुक्काम मिळाल्यास संध्याकाळ आणि पहाट दोन्ही हाती लागतात. उन्हाळ्यात त्याचे आरक्षण बरेच आधी करावे.