जुनी फ्रेंच नाणी ओळखायला कोणता कॅटलॉग? आठ महिने वापरून झाल्यावर

लियाँला राहायला आल्यापासून रविवारी सकाळी जुन्या सामानाच्या बाजारात चक्कर ठरलेली. पत्र्याच्या डब्यात सुटी नाणी असतात, एक-दोन युरोला एक. पुण्यात असताना शिवराई नाणी जमवायचो, त्यामुळे काळवंडलेलं तांबं दिसलं की हात थांबत नाही. पण घरी आणलेलं नाणं नेमकं कोणाचं, हे शोधण्यात माझे पहिले दोन महिने गेले, कारण मी चुकीच्या पुस्तकात शोधत होतो.

फ्रेंच नाण्यांचे कॅटलॉग काळानुसार वाटलेले आहेत. गादुरीचं पुस्तक 1789 पासून पुढचं. ‘ल फ्रां’ 1795 पासून पुढचं. त्याआधीच्या राजांसाठी द्युप्लेसीचे दोन खंड, 987 ते 1793. त्यामुळे आधी काळ ठरवा, मग पुस्तक विकत घ्या. नाण्यावर नुसतं ‘AN 12’ असेल तर गोंधळू नका. ते क्रांतीनंतरच्या पंचांगातलं साल आहे, म्हणजे 1803-04.

सुरुवात मी आजही न्युमिस्टा या नाण्यांच्या वेबसाइटपासून करतो. फुकट आहे, फोटो आहेत आणि नाण्याच्या पानावर इतर कॅटलॉगांचे क्रमांक दिलेले असतात. तो क्रमांक घेऊन थेट पुस्तकात जाता येतं.

‘ल फ्रां’ची खरी किंमत मला तिसऱ्या नेपोलियनच्या एका दहा सांतिमने कळली. कास्याचं नाणं, साल 1855, गरुडाखाली D. हे अक्षर लियाँच्या टांकसाळीचं, म्हणजे नाणं आमच्याच गावचं! मी वहीत एका ओळीत नोंद करून मोकळा झालो होतो. पुस्तकात पाहिलं तर 1855 च्या दोन वेगळ्या नोंदी: एकीत खूण म्हणून कुत्र्याचं डोकं, दुसरीत जहाजाचा नांगर. त्या वर्षी मुख्य कोरीवकाराचं पद झाक-झां बारकडून त्याचा मुलगा आल्बेर याच्याकडे गेलं आणि खूण बदलली. दहापट भिंगाखाली नाणं तिरपं धरल्यावर सालाशेजारी तिळाएवढा नांगर दिसला. त्या दिवसापासून मी चेहरा सगळ्यात शेवटी बघतो. आधी साल, मग टांकसाळीचं अक्षर, मग या बारीक खुणा.

द्युप्लेसी मात्र मला जड गेला. राजानुसार मांडणी आहे आणि मांडणी चोखच आहे, पण राजा कोण हे तुम्हाला आधी माहीत असायला हवं. नाण्यावरची अक्षरं लॅटिन, संक्षिप्त आणि बऱ्याचदा अर्धी झिजलेली. शिवराईवर ‘छत्र पति’मधलं निम्मं अक्षर नाण्याबाहेर गेलेलं वाचायची सवय होती, तीच इथे कामी आली.

तरीही एक नाणं हुलकावणी देत राहिलं. तांब्याचं, पातळ, मागे तीन लिलीची फुलं आणि ‘DOVBLE TOVRNOIS’ हे नाण्याचं नाव. विकणाऱ्याने तेराव्या लुईचं म्हणून दिलं होतं. द्युप्लेसीत तेराव्या लुईची सगळी पानं चाळली, एकही जुळेना. शेवटी चिंचेच्या पाण्याचा मोह टाळून साध्या पाण्यात दोन दिवस भिजवलं, मऊ ब्रशने माती काढली आणि कडेला पाच अक्षरं लागली: ASTON. गास्तों! लुईचा धाकटा भाऊ, दोंबचा सत्ताधारी. दोंब लियाँच्या उत्तरेला, टांकसाळ त्रेव्हूला. नाणं दिसायला थेट राजाच्या नाण्यासारखं, पण राजाचं नव्हे, म्हणून राजांच्या कॅटलॉगात ते सापडणारच नव्हतं.

ते मिळालं प्वे दाव्हांच्या सरंजामी नाण्यांवरच्या ग्रंथात. तीन खंड, 1858 ते 1862 या काळात निघालेले, स्कॅन करून नेटवर मोफत ठेवलेले. भाषा जुनी फ्रेंच वळणाची आहे, पण कोरीव चित्रांच्या पाट्या इतक्या स्वच्छ आहेत की आधी चित्रावरून जुळवायचं आणि मग मजकूर वाचायचा. या तांब्याच्या नाण्यांपुरता राजांची आणि सरंजामदारांची नाणी एकत्र देणारा वेगळा कॅटलॉगही आहे, सीजीकेएल नावाने ओळखला जाणारा. तो मी अजून घेतलेला नाही.

पैशांचं म्हणाल तर ओळखण्यापुरतं काम असेल तेव्हा गादुरीची किंवा ‘ल फ्रां’ची जुनी आवृत्ती खुशाल घ्या. भाव बदलतात, 1855 चा नांगर तिथेच असतो. माझी सेकंडहँड प्रत आहे, आधीच्या मालकाने समासात पेन्सिलीने खुणा केलेली, आणि त्या खुणा मी अजून खोडलेल्या नाहीत. द्युप्लेसी मात्र विकत घेण्याआधी ग्रंथालयात बसून चाळा.