एअर रायफल घ्यायची तर स्प्रिंगची का पीसीपी?

सुगी संपली की आपल्याकडं पोरं विचारायला लागतात, स्प्रिंगवाली एअर रायफल घेऊ का पीसीपी (म्हणजे टाकीत आधीच दाबून हवा भरलेली), अन् लई जणांच्या डोक्यात ससा नाहीतर तित्तर असतं. तर आधी तेच मिटवून घेऊ. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं ससा, तित्तर, मोर, काळवीट, कशाचीच शिकार चालत नाही, स्वतःच्या रानात आलं तरी नाही, अन् मोर-काळवीटाच्या केसमध्ये तर कमीत कमी ३ वर्षं आत. यूट्यूबवर इंग्लंडचे लोक सशासाठी पॉइंट २२ बोअर (म्हणजे नळीच्या भोकाचं इंचातलं माप) भारी का पॉइंट १७७ हे सांगत बसतात, ते त्यांच्या कायद्यात बसतं. आपल्याकडं ४.५ मिमीच्या, म्हणजे पॉइंट १७७ च्या वरचं बोअर किंवा २० ज्यूलच्या वरची ताकद असली की लायसन्स लागतं. रानडुकरासाठी घेणाऱ्यांना तर हात जोडून सांगतो, छर्रा कातड्यात अडकतो, जनावर जखमी होऊन कुठंतरी कुजत मरतं अन् पीक काही वाचत नाही, त्यापेक्षा पंचनामा करून वनखात्याकडं भरपाईचा अर्ज टाका.

आता निशाणेबाजीसाठी घ्यायची असंल तर बोलू.

स्प्रिंगवालीचं सरळ आहे, नळी खाली वाकवून स्प्रिंग दाबायची, छर्रा घालायचा, मारायचं, हवा बाहेरून आणायची कटकट नाही. पण आतला पिस्टन सुटला की रायफल आधी मागं अन् मग पुढं झटका देते, त्यामुळं घट्ट आवळून धरली की छर्रे फाकतात. डावा हात रायफलीखाली नुसता टेकवायचा, पकडायचं नाही, अन् दर टायमाला त्याच जागी. हे जमायला वेळ लागतो, पण जमलं की हात कायमचा सुधरतो, म्हणून शिकणाऱ्याला मी हीच सांगतो. स्कोप मात्र एअरगनसाठी बनवलेलाच घ्या, साधा स्कोप ह्या दुहेरी झटक्यात खिळखिळा होतो. बिनछर्‍याची उडवायची नाही, अन् नळी उघडी असताना ट्रिगरला बोट लावायचं नाही, नळी फाटकन वर येते अन् बोटं सापडतात.

पीसीपीत टाकीतच हवा भरलेली असती, बऱ्याच मॉडेलला २०० बारच्या (बार म्हणजे दाबाचं माप) आसपास, झटका जवळपास नाहीच, नवख्याचे छर्रे पण एकाच भोकात जायला लागतात. मन मोहून टाकती एकदम. पण खरा खर्च हवेचा आहे भाऊ. हातपंपाचे शेवटचे ५० बार म्हणजे अख्ख्या अंगाचं वजन टाकून दाबायचं, ते मे महिन्यात ४२ डिग्रीत करून बघा, अन् कंप्रेसर घेतला तर त्याचे पैसे वेगळे, वर लाइटचा भरोसा नाही. हवा अडवणारी रबरी ओ-रिंग गेली की तालुक्याला दुरुस्त करणारा सापडत नाही. अन् एक गोष्ट जिवावरची, वेल्डिंगवाल्याकडचा ऑक्सिजन सिलिंडर जोडून टाकी भरायची आयडिया कुणी दिली तर तिथून निघा, दाबाखालचा ऑक्सिजन तेल-ग्रीसला लागला की स्फोट होतो. भरलेली रायफल उन्हात गाडीत पण ठेवू नका.

दुकानात वेगाचे मोठे आकडे सांगतात, त्याला भुलू नका, ते हलक्या छर्‍यावरचे असतात. ८ ग्रेन वजनाचा छर्रा सेकंदाला ८०० फुटानं गेला तरी १५ ज्यूल होतात, पत्र्याच्या डब्याला अन् कागदाला ते भरपूर झालं.

स्पर्धेचं डोक्यात असंल तर दोन्ही घेऊ नका. १० मीटरची मॅच रायफल वेगळीच असती, तिथं दहाचा ठिपका फक्त अर्धा मिलिमीटर, २००८ च्या ऑलिंपिकला अभिनव बिंद्रानं सुवर्ण घेतलं ते ह्याच प्रकारात. आधी क्लबची रायफल वापरून बघा, मग पैसे घाला.

काही पण घेतलं तरी दगडी भिंतीसमोर निशाणा लावायचा नाही, छर्रा उलटून डोळ्यात येतो. गोणीत जुन्या कपड्याच्या चिंध्या गच्च भरा, मागं मातीचा ढीग करा, चष्मा घाला, अन् पलीकडून कुणाची वाट जात नाही ना ते आधी चालत जाऊन बघून या.