लातूरच्या एका शाळेतलं काउन्सलिंग: पाचपैकी साडेतीन स्टार

शाळेचं नाव टाकत नाही, लेकरू अजून तिथंच शिकायलंय, नववीला. लातूरात नववी म्हणजे काय ते इथल्यांना सांगायला नको, नीटची (मेडिकलच्या प्रवेश परीक्षेची) फाउंडेशन बॅच, रविवारी टेस्ट अन् संध्याकाळी रँकची लिस्ट पालकांच्या ग्रुपवर. सोमवार आला की पोराचं पोट दुखायचं, सोनोग्राफी केली तर काहीच निघालं नाही, शेवटी वर्गशिक्षिकेनं काउन्सलर मॅडमकडं पाठवलं.

मॅडम खरंच भारी. सायकॉलॉजीत एमए झालेल्या आहेत, कुणाची तरी वहिनी म्हणून बसवलेल्या नाहीत (असंही बघितलंय आपण). आम्हाला बाहेर बसवलं, पोराशी एकट्याशी बोलल्या, नंतर काय म्हणला विचारलं तर म्हणे जिवाला धोका वाटला तर तुम्हाला लगेच सांगणार, बाकी तो हो म्हणला तेवढंच. ह्यांना ते लई खटकलं, फी आपण भरायची अन् सांगायचं नाही म्हणजे काय. मला उलट तिथंच भरोसा बसला, कारण आपल्याकडं लेकरानं शाळेत काही सांगितलं की ते आधी पीटीएममध्ये, म्हणजे पालकसभेत, निघतं. त्याला काही लेक्चर दिलं नाही, आम्हालाच सांगितलं की रँकची लिस्ट घरात मोठ्यानं वाचू नका. पोटदुखी अजून अधूनमधून असते, पण शाळा बुडवणं बंद झालंय.

आता दीड स्टार कशाचा कापला. खोली हेडसरांच्या केबिनला लागून, दार काचेचं, आत कोण बसलंय ते अख्ख्या कॉरिडॉरला दिसतं, मग पोरं चिडवायला मोकळी. अन् कुणी सर रजेवर गेले की मॅडमला त्यांच्या तासावर प्रॉक्सीला धाडतात, आमची अपॉइंटमेंट अशीच उडाली. जुलै 2025 मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की 100 किंवा जास्त विद्यार्थी असतील तर ट्रेन्ड काउन्सलर पाहिजे, मार्कांवरून बॅचेस पाडणं अन् चारचौघात लाज काढणं टाळा, हे कोचिंगवाल्यांनाही लागू आहे. ट्युशनवाल्यांची लिस्ट मात्र ग्रुपवर येतच राहते.

रात्रीबेरात्री लागलं तर 14416, टेलिमानस, मनाच्या त्रासासाठीची सरकारी हेल्पलाइन, फुकट अन् मराठीत बोलतात, शाळेनं हा नंबर नोटीस बोर्डावर लावलाय, हे बरं केलं.

मॅडमला भेटायचं असेल तर प्रार्थनेच्या आधी जा, तेव्हा प्रॉक्सी नसते अन् कॉरिडॉरही रिकामा असतो.